मानशीची फळी आणि नकाशाचा रंग : गोव्याच्या खाजनांचा नियोजन-इतिहास

नव्वदच्या दशकातली गोष्ट. स्थापत्य अभियंता म्हणून मी नवा होतो आणि तिसवाडीतल्या एका गावात खाजनाच्या मानशीची दुरुस्ती आमच्याकडे आली होती. जुन्या लाकडी फळ्या कुजलेल्या. मी पाण्याच्या दाबाचा हिशेब केला, आराखडा काढला आणि लाकडाच्या जागी लोखंडी झडप बसवून घेतली. काम वेळेत झालं, बिल निघालं, मी पुढच्या कामावर गेलो. तिसऱ्या वर्षी सप्टेंबर सरता सरता, भाताने दाणा धरलेला असताना, बिजागरी गंजून झडप अर्धवट उघडीच अडकली आणि भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं. मी पाहायला गेलो तेव्हा एका वयस्क शेतकऱ्याने मला बांधावर उभं केलं आणि शांतपणे विचारलं, “दार केलें तुमी, पूण ताका सांबाळपी खंय आसा?” दार तुम्ही केलंत, पण त्याला सांभाळणारा कुठे आहे?

तेव्हा मला वाटलं, चूक लोखंडाची. लाकूड हलकं, पाण्याच्या थोड्याशा फरकानेही हलणारं. लोखंड जड आणि गंजणारं. ती चूक होतीच, आणि ती माझी होती. पण प्रश्न धातूचा नव्हता. पूर्वी त्या मानशीवर एक माणूस असे, त्याला गाव मोबदला देई, आणि फळी कुजू लागली की ती कळवणं त्याचं काम असे. मी दुरुस्तीला गेलो तेव्हा असा माणूस उरलाच नव्हता. तो कधी गेला, का गेला, हे शोधता शोधता मी इतिहासाकडे वळलो. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. जुने कायदे, कोमुनिदादींची छापील माहिती आणि बांधावरची पायपीट एवढंच माझं भांडवल. या टिपणात मांडायचं आहे ते असं : पाणथळ जागा राखायच्या तर नकाशावर त्यांना रंग देणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. गोव्याच्या खाजनांचा दीड हजार वर्षांचा इतिहास तेच सांगतो.

खाजन कसं चालतं

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठची सखल जमीन मुळात खारफुटीची आणि चिखलाची. भरती आली की पाण्याखाली, ओहोटीला उघडी. गोव्यात भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो आणि उन्हाळ्यात या नद्यांचं पाणी समुद्रापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत खारट होतं. अशा जमिनीला चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध घालून नदीपासून तोडलं की आत जे तयार होतं ते खाजन. शेताची पातळी भरतीच्या पाण्याच्या खाली असते, म्हणजे बांध हीच त्या शेताची भिंत आणि तेच त्याचं छप्पर.

बांधाच्या आतल्या अंगाने खोलगट पाण्याची जागा असते, तिला पोंय म्हणतात. शेतातलं जादा पाणी ओहोळांनी पोंयीत येतं आणि पोंयीतून मानशीवाटे नदीत जातं. मानस म्हणजे बांधातलं चिऱ्यांनी बांधलेलं दार. त्यात बिजागरीवर हलणारी लाकडी फळी. भरतीला बाहेरचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने फळी बंद होते. ओहोटीला आतलं पाणी उंच ठरलं की फळी आपोआप उघडते आणि पाणी बाहेर जातं. वीज नाही, इंजिन नाही. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा एक मीटर उंच असेल तर बांधाच्या दर मीटर लांबीवर सुमारे पाचशे किलोचा रेटा येतो, आणि हा रेटा दिवसातून दोनदा, वर्षभर. त्यामुळे खेकड्याने पाडलेलं बोटभर भोक आज बुजवलं नाही तर काही दिवसांत तिथे खांड पडते. खाजनाची सगळी व्यवस्था या एका गोष्टीभोवती फिरते : दुरुस्ती लहान असतानाच व्हायला हवी.

पावसाळ्यात इथे कोरगुट, आसगो अशी खारं सोसणारी भातं पिकत. जूनच्या पहिल्या जोरदार सरी जमिनीतलं मीठ धुऊन नेत आणि मग पेरणी. कापणीनंतर काही ठिकाणी मुद्दाम खारं पाणी आत घेत. मग पोंयीत सुंगटं, शेवटे, काळुंदर, चणक, कुर्ल्या. रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ही मासळी धरत. काही तुकड्यांत मिठागरं. एकाच जमिनीवर भात, मासे आणि मीठ, शिवाय बांधाबाहेर खारफुटीची रांग, जी लाटांचा मार झेलून बांध राखते. पाखरं, मासळीची पिल्लं, बेडूक, साप यांनाही याच व्यवस्थेत जागा होती. म्हणजे ही माणसाने घडवलेली आणि माणसाच्या हातानेच टिकणारी पाणथळ आहे. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचं सांगितलं जातं. राज्याच्या एकूण ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी जवळजवळ पाच टक्के.

ताम्रपटापासून फोरालपर्यंत

ही व्यवस्था पोर्तुगिजांनी आणलेली नाही. फोंडा तालुक्यातल्या बांदोडे इथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा या कोकणच्या मौर्य राजाच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचं दान आहे. हा लेख साधारण सहाव्या शतकातला मानतात. म्हणजे खाजन हा शब्द आणि समुद्राकडून जमीन मिळवण्याची कल्पना किमान तेवढी जुनी आहे.

दुसरा टप्पा १५२६ चा. गोवा बेट जिंकून सोळा वर्षं झाल्यावर अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने गावकऱ्यांच्या चालीरीती लिहून घेतल्या. हाच तो प्रसिद्ध ‘फोराल’. त्याच्या प्रास्ताविकात परंपरेने आलेली एक हकीकत आहे : फार पूर्वी चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली, त्यांच्या चांगल्या कारभारामुळे त्यांना गावकर म्हणू लागले, मग राजे आले आणि त्यांनी या लोकांना त्यांच्या रीतींवर सोडून कर घ्यायला सुरुवात केली. हकीकत खरी-खोटी कशीही असो, तिच्यातला क्रम लक्षात घ्यावा. आधी जमीन घडवणं, मग गाव, मग राज्य. तिसवाडीसारख्या बेटावर जमीन घडवणं याचा अर्थ बऱ्याच अंशी बांध घालणं हाच होतो.

गावकरी, म्हणजे पुढे पोर्तुगिजांनी जिला कोमुनिदाद म्हटलं ती संस्था, जमिनीची सामूहिक मालक. शेतं ठराविक मुदतीने पावणीने, म्हणजे लिलावाने, कसायला दिली जात. मानशीच्या मासळीचीही पावणी होई. त्या उत्पन्नातून आधी राज्याचा कर आणि गावचा खर्च : बांध, मानशी, देवळाचा आणि पुढे चर्चचा खर्च, गावच्या सेवकांचे मोबदले. यातून जे उरेल ते गावकरांमध्ये ‘जोण’ म्हणून वाटलं जाई. अभियंत्याच्या नजरेतून पाहिलं तर यातली मेख लगेच दिसते. बांध फुटला तर भात जातं, भात गेलं तर पावणी पडते, पावणी पडली तर जोण मिळत नाही. देखभाल न करण्याची किंमत त्याच वर्षी, त्याच माणसांच्या खिशातून जात होती. ज्यांचा निर्णय त्यांचंच नुकसान. त्याच्या जोडीला कसणाऱ्या शेतकऱ्यांच्या ‘भौस’ नावाच्या मंडळी होत्या. त्यांच्याकडे त्या-त्या खाजनाचे बांध राखण्याचं काम असे.

आज आपण ज्याला जमीन-वापर नियोजन म्हणतो ते इथे रोजच्या कारभारात मुरलेलं होतं. कुठे भात, कुठे मीठ, कुठे माड, पोंय किती मोकळी ठेवायची, मानशीची फळी कोणत्या महिन्यात बांधायची आणि कोणत्या महिन्यात सोडायची, हे गाव ठरवत असे. फिलिप नेरी शावियेर यांनी १८५२ मध्ये आणि कुन्य रिव्हार यांनी १८७० मध्ये कोमुनिदादींवर लिहिलं ते कौतुकापोटी नव्हे. सरकार या संस्थांवर हात टाकत होतं म्हणून. पुढे १९०४, १९३३ आणि १९६१ अशा संहिता आल्या आणि गावाच्या बैठकीतले निर्णय हळूहळू प्रशासकाच्या मंजुरीवर अवलंबून राहू लागले. मालकी गावची, पण चावी कचेरीत, ही सुरुवात तिथली.

रम्य चित्र नको

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्या वारसाप्रेमी वर्तुळात गावकरीचं फार गोड चित्र रंगवलं जातं. गावकर होणं जन्माने ठरे, तेही पुरुषांच्या बाजूने. बाईला जोण नव्हता. चिखलात कमरेपर्यंत उभं राहून बांध घालणारे, मीठ काढणारे, रात्री जाळं लावणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे असत. त्यांची नावं दप्तरात सापडत नाहीत. पावणीत शेत घेणारा कूळ पुढच्या पावणीला त्याच शेतावर असेल याची खात्री नसे. व्यवस्था टिकाऊ होती, पण न्याय्य होती असं मी म्हणणार नाही.

हे फक्त गोव्याचं नाही. रायगडच्या खारपट्ट्यात शिलोत्री पद्धत होती. बांध घालणारा शिलोत्रीदार देखभालीच्या बदल्यात बिघ्यामागे धान्य घेई. त्याच भागात, अलिबाग तालुक्यातल्या चरीला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं शेतकऱ्यांचा संप चालला. बांध चांगला राहिला म्हणून खोताचा जुलूम क्षम्य ठरत नाही. प्रश्न असा पडतो की, जुलूम काढून टाकताना बांधाची जबाबदारी कोणाच्या हाती द्यायची.

पणजी : न राखलेल्या खाजनाचं शहर

खाजन बुजवलं तर काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. पणजी हे शहरच बऱ्याच अंशी सखल, दलदलीच्या जमिनीवर उभं आहे. पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये दलदल आणि मिठागरं होती. त्यांवरून कोंद द लिन्यारिस या व्हाइसरॉयच्या काळात, १६३३-३४ च्या सुमारास, जवळजवळ तीन किलोमीटरचा पूल-रस्ता बांधला गेला. तो आजही वापरात आहे. पुढे १८२६ ते १८३५ या काळात दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याने भराव घालून, जमीन समतल करून शहराची आखणी केली.

त्या काळच्या बांधकामात एक शहाणपण मात्र होतं. लिन्यारिसच्या रस्त्याला पाणी जायला कमानी ठेवल्या. नदीचं पाणी आत-बाहेर करत राहिलं आणि बाजूची मिठागरं चालू राहिली. आपल्या काळातले रस्ते आणि वसाहती खाजनावर भराव घालून वर येतात तेव्हा खालून दोन-चार नळ टाकून काम भागवलं जातं. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पणजीच्या सखल भागात पाणी तुंबतं, वर्तमानपत्रांत फोटो येतात, नाले साफ न केल्याची चर्चा होते. नाले साफ हवेतच. पण भरतीच्या पातळीखालच्या जमिनीला पाणी साठवायला पोंय लागते, आणि पोंयीच्या जागी इमारत असेल तर नाला कितीही साफ केला तरी भरती ओसरेपर्यंत ते पाणी जाणार कुठे?

१९६४ नंतर : हक्क मिळाला, फळी सुटली

मुक्तीनंतर १९६४ मध्ये गोवा, दमण आणि दीवचा कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व लागू झालं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती, आणि आजही आहे. माझ्या ओळखीतल्या कित्येक घरांत पहिली पदवी त्या जमिनीच्या आधाराने आली.

पण कायदा लिहिणाऱ्यांसमोर शेत होतं, खाजन नव्हतं. डोंगरउतारावरचं शेत एकेका कुळाला देता येतं; त्याने ते नीट ठेवलं तर त्याचं पिकतं. खाजनाचं तसं नाही. शंभर कुळांना शंभर तुकडे मिळाले तरी बांध एकच आणि मानस एकच. म्हणून कुळांच्या संयुक्त जबाबदारीसाठी नियम झाले आणि कूळ संघ आले. मानशीच्या मासळीची पावणी संघाने करायची, त्या पैशातून बांध राखायचा, अशी योजना. कागदावर ती गावकरीचीच लोकशाही आवृत्ती होती आणि काही गावांत ती चांगली चालली. आजही चालते.

बऱ्याच गावांत मात्र नाही. कारण गणित उलटलं होतं. पूर्वी गावाचं मुख्य उत्पन्न भात, मासळी जोडीची. आता मजुरी वाढली, घरातली मुलं नोकरीला किंवा आखातात गेली, तांदूळ स्वस्त धान्य दुकानात मिळू लागला आणि सुंगटांचा भाव चढला. मानशीचा ठेका घेणाऱ्याला भरतीचं पाणी जितकं जास्त आत येईल तितकी मासळी जास्त. फळी बंद ठेवण्यात त्याचं हित नाही. शेत पडीक टाकलेल्या कुळालाही ठेक्यातला वाटा मिळाला की पुरे. जो उरलासुरला शेतकरी अजून भात करतो, त्याच्या शेतात खारं पाणी येतं आणि दोन-तीन हंगामांनी तोही सोडून देतो. यात कोणी एक खलनायक नाही. फळी उघडी राहिली तर नुकसान एकाचं आणि फायदा दुसऱ्याचा, अशी मांडणी झाली की फळी उघडीच राहणार. माझ्या त्या लोखंडी झडपेची कथा या काळातली आहे.

बाहेरून येणारे धक्केही वाढले. मांडवी-झुआरीवरून खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटा वर्षानुवर्षं बांधांवर आपटत राहिल्या. रस्त्यांचे आणि लोहमार्गाचे भराव मऊ गाळावर आले आणि जुने ओहोळ तुटले. गावकरीच्या काळातही बांध फुटत होते. फरक एवढाच की तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमत.

फुटलेल्या बांधातली खारफुटी

बांध फुटला आणि कोणी बुजवला नाही तर पुढे काय होतं? पहिल्या दोन वर्षांत भाताच्या जागी चिखल. मग खारफुटीची बी येऊन रुजते. दहा-पंधरा वर्षांत दाट रान. पाखरं येतात. वरवर पाहता निसर्गाने आपली जागा परत घेतली.

खारफुटी मौल्यवान आहे, यात शंका नको. चोडण बेटाच्या टोकाला १९८८ मध्ये घोषित झालेलं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १७८ हेक्टरचं, पाहून यावं. गाळ धरणं, मासळीला आसरा देणं, लाट थोपवणं हे सगळं खारफुटी करते. म्हणूनच ती किनारा नियमन क्षेत्रात सर्वांत कडक संरक्षणात आहे. पण यातून एक पेच तयार होतो. बांध फुटून खाजनात खारफुटी वाढली की ती कायद्याने राखीव. मग बांध पुन्हा घालून शेती करायची म्हटली तर ती खारफुटी तोडता येत नाही. दुसरीकडे पडीक, खारवलेली जमीन ‘निरुपयोगी’ म्हणून दाखवून भरावाची मागणी करणंही सोपं होतं. शेतकरी म्हणतो, खारफुटीमुळे माझं शेत गेलं. निसर्गप्रेमी म्हणतो, शेतकरी खारफुटीच्या मुळावर आलाय. दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडतात.

जुन्या व्यवस्थेत हा वादच नव्हता, कारण रेषा ठरलेली होती. बांधाबाहेर खारफुटी, आत भात आणि पोंय. दोन्हींची एकमेकांना गरज. खारफुटी तोडली तर बांध उघडा पडतो. बांध सोडला तर खारफुटी आत येते. स्थानिक अधिवास राखणं म्हणजे एकच झाड सगळीकडे वाढू देणं नव्हे. गोड्या पाण्याच्या भातशेतात येणारे बगळे आणि बेडूक, पोंयीतली मासळी, बाहेरची खारफुटी, हे वेगवेगळे अधिवास शेजारी-शेजारी नांदणं हे खाजनाचं वैशिष्ट्य होतं.

नकाशांचा काळ

आता कायद्याकडे. १९७४ मध्ये गोव्याचा नगर आणि ग्रामनियोजन कायदा आला. त्याखाली २००१ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा १९८६ मध्ये अमलात आला. त्यानंतरचा, म्हणजे २०११ चा आराखडा ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला तेव्हा त्यात शेतं, डोंगर आणि सखल जमिनी वसाहतीच्या रंगात गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियानाच्या झेंड्याखाली गावोगाव सभा झाल्या आणि काही महिन्यांतच, २००७ च्या सुरुवातीला, सरकारने तो आराखडा मागे घेतला. नकाशा वाचायला सामान्य गोवेकर शिकला तो तेव्हा. माझ्याही घरी तेव्हा तालुक्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला असे.

त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी नेमलेल्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. जमिनीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील विभाग पाडले गेले, खाजनं आणि खारफुटी त्यांत आली, गावपातळीवरून सूचना मागवल्या गेल्या. पद्धत म्हणून हे मोठं पाऊल होतं. पुढे २०१२ मध्ये आराखडा स्थगित, मग काही वर्षांनी पुन्हा अंमल, मग कायद्यात एकेका भूखंडासाठी बदलाच्या वाटा. २०२३ मध्ये आलेल्या अशा एका उपकलमाखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. आराखडा करताना सगळं गाव बसतं. बदल होतो तो एका सर्व्हे क्रमांकाचा आणि तो कळतो कुंपण पडल्यावर. खाजनाच्या बाबतीत हे विशेष घातक, कारण मधल्या एका तुकड्यावर भराव पडला की सगळ्या खाजनाचा निचरा बदलतो.

केंद्राच्या पातळीवरही गंमत आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी खास कलमं आहेत : खाजनांचे नकाशे करावेत, त्यांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा, खाजनात विकासकामांना परवानगी देऊ नये. उलट २०१७ च्या पाणथळ नियमांनी व्याख्येतूनच भातशेती वगळली, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी आणि मिठासाठी माणसाने बांधलेले जलसाठे वगळले आणि किनारा नियमनात येणारं क्षेत्रही वगळलं. खाजन म्हणजे नेमकं काय? भातशेती, मासे आणि मीठ, तेही किनाऱ्यावर. म्हणजे ज्या जागा माणसाने शतकानुशतकं राखल्या त्यांचा पाणथळ म्हणून विचार होत नाही.

असं असण्याची गरज नाही, हे कुडचड्याच्या नंदा तळ्याने दाखवलं. झुआरीच्या उपनदीलगतचं हे ४२ हेक्टरचं तळं २०२२ मध्ये रामसर यादीत आलं, गोव्यातलं पहिलं. इथे पावसाळ्यानंतर पाणी अडवतात, खालच्या बाजूच्या भातशेतीला वापरतात, मासे धरतात आणि पाखरंही येतात. माणूस पाणी सोडतो-धरतो म्हणून ते तळं कमी पाणथळ ठरलं नाही.

मग करायचं काय

या सगळ्या नकाशांमध्ये मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही : मानशी. खाजन हिरव्या रंगात आहे, पण त्याला किती मानशी, कुठे, कोणत्या अवस्थेत, फळी कोणाच्या ताब्यात, हे नाही. संवेदनशील विभागाचा रंग इमारत थांबवू शकतो. खेकड्याचं भोक बुजवू शकत नाही. बांधकाम न होताही खाजन मरतं, आणि मेलं की त्याचा रंग बदलण्याची मागणी आपोआप येते.

म्हणून माझ्या अल्प अभ्यासातून तीन सूचना. पहिली, प्रत्येक पंचायतीने आपल्या खाजनांची मानसवार नोंदवही करावी : बांधाची लांबी, मानशींची संख्या, पोंयीचं क्षेत्र, तुटलेले ओहोळ, शेवटची दुरुस्ती. हे काम शाळेतली मुलंही दोन शनिवारांत करू शकतात. आराखड्यात सर्व्हे क्रमांकाऐवजी संपूर्ण खाजन, म्हणजे एका बांधाने वेढलेली सगळी जमीन, हे नियोजनाचं एकक धरावं. तुकड्याचा बदल म्हणजे सगळ्यांच्या पाण्यातला बदल. दुसरी, मासळीच्या ठेक्याचा पैसा आणि फळीची जबाबदारी पुन्हा एकत्र बांधावी. भाताच्या महिन्यांत फळी बंद ठेवण्याची अट ठेक्यातच असावी आणि देखभालीचा वाटा वाटणीच्या आधी बाजूला काढला जावा, जसा पूर्वी जोणाच्या आधी काढत. तिसरी, त्या निर्णयात कुळं, मासेमार, भूमिहीन मजूर आणि बायका सगळे असावेत. जुनी शिस्त घ्यायची, जुनी कुंपणं नाही.

आणि एक काम आपल्यासारख्यांचं. गावोगावी अजून सत्तरी-ऐंशीतली माणसं आहेत ज्यांनी मानस चालवली आहे. कोणत्या तिथीला भरती किती चढते, फळीला कोणतं लाकूड, बांधाला चिखल कुठून काढायचा, हे त्यांच्या हातात आहे, कुठल्याही दप्तरात नाही. त्यांच्याशी बोलून ते लिहून ठेवायला हवं. मला प्रश्न विचारणारे ते शेतकरी आज हयात नाहीत. त्यांच्याकडून मी ऐकून घेतलं ते फक्त एक वाक्य, आणि उरलेलं विचारायचं राहून गेलं.

गेल्या पावसाळ्याआधी मी त्या मानशीवर पुन्हा गेलो होतो. लोखंडी झडप कधीच काढून टाकली आहे. तिथल्या कूळ संघाच्या दोघा तरुणांनी लाकडाची फळी बसवली आहे, आणि दोघांपैकी एकजण रोज ओहोटीला येऊन पाहून जातो. खाजनाचा अर्धा भाग अजून पडीक आहे. उरलेल्या अर्ध्यात त्यांनी कोरगुट पेरायचं ठरवलं होतं.